आजारी जिवाचा निरोप: रेघ आधी आखून ठेवा

आजारी कुत्र्यामांजराच्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘अजून खातोय ना, मग बघू.’ पंधरा दिवसांनी तो दूध-पोळी सोडतो आणि फक्त चिकनचं पाणी चाटतो, तेही कुणी वाटी तोंडाशी धरली तर. मग वाक्य बदलतं: ‘पाणी तरी पोटात जातंय ना.’ पुढे सलाईन सुरू होतं आणि वाक्य आणखी आखूड होतं: ‘हाक मारली की डोळे उघडतो.’ यातलं कुणीही खोटं बोलत नसतं. रोज बघणाऱ्याला रोजची घसरण दिसत नाही, आणि थांबायची रेघ जवळ आली की माया ती चार बोटं पुढे सरकवते. त्या चार-चार बोटांचा त्रास मात्र सगळा त्या जिवाला होतो.

म्हणून मुख्य सल्ला सुरुवातीलाच सांगून टाकू. निरोपाचा, म्हणजे इंजेक्शन देऊन प्राण्याला शांतपणे मरण देण्याचा, निर्णय ऐन वेळेवर सोडायचा नाही. चांगले दिवस अजून शिल्लक आहेत तोवर, काय झालं की थांबायचं हे घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवायचं, कागदावर लिहायचं, डॉक्टरांना दाखवायचं आणि वेळ आली की त्या कागदाचं ऐकायचं. हा कागद कसा तयार करायचा, ते पुढे पाहू.

आधी खात्री: आजार खरंच शेवटचा आहे का?

काही आजार दिसतात मरणाचे, पण असतात बरे होणारे. म्हातारा कुत्रा सकाळी उठतो तो डोकं एका बाजूला कललेलं, बुबुळं झरझर हलताहेत, चार पावलं टाकली की कोलमडतोय, उलट्या होताहेत. घरचे म्हणतात, लकवा मारला, आता संपलं. पुष्कळदा हा कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड असतो. अशी बहुतेक कुत्री दोन-तीन दिवसांत सावरू लागतात आणि काही आठवड्यांत पुन्हा हिंडू-फिरू लागतात. मान कधी थोडी तिरपी राहते एवढंच. अशा वेळी त्याच संध्याकाळी कायमचा निर्णय घेऊ नका.

आपल्याकडे गोचिडांपासून होणारे तापही असेच फसवतात. जेवण सुटतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. रक्त तपासून वेळेत औषध सुरू केलं तर कुत्रा उभा राहतो. नसबंदी न केलेली मादी माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी मलूल झाली, भरमसाट पाणी पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तातडीच्या ऑपरेशनने ती वाचते. मांजर ताटलीपाशी येतं, हुंगतं आणि मागे फिरतं, तेव्हा भूक मेलेली नसून तोंड दुखत असण्याची शक्यता मोठी. खराब झालेले दात काढले की ते पुन्हा खाऊ लागतं. मागचे पाय गेलेला डॅशहंड किंवा पग, दुखणं आटोक्यात असेल आणि लघवी-शी कुणी सांभाळणारं असेल, तर चाकाच्या गाडीवर मजेत राहू शकतो.

म्हणून रक्त, लघवी आणि गरज असेल तर एक्स-रे, सोनोग्राफी झाल्याशिवाय ‘आता काही उरलं नाही’ हे मान्य करू नका. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला संकोच नको. परळचं मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालापासून चालू आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथेही शासकीय पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. त्यांच्या रुग्णालयांत गाईगुरांबरोबर कुत्र्यामांजरांवरही उपचार होतात, आणि खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसलेल्यांना तिथे विचारता येतं.

दुखतंय हे ओळखायचं कसं?

‘विव्हळत नाही, म्हणजे दुखत नसेल’ हा समज सगळ्यात घातक. प्राणी दुखणं दाखवत नाहीत. ते वागण्यातून शोधावं लागतं.

कुत्रा रात्रभर जागा बदलत राहतो, एका कुशीवर टिकत नाही. धावलेला नसताना धापा टाकतो. एकच सांधा किंवा पंजा सतत चाटतो. जिना टाळतो, पाठ कमानीसारखी वर काढून उभा राहतो. आयुष्यात कधी न गुरगुरलेला कुत्रा उचलायला गेलं की गुरगुरतो. तो तुमच्यावर चिडलेला नसतो, त्याला दुखत असतं. मांजर कपाटामागे जाऊन बसतं, उंचावर उडी मारणं सोडतं, अंग चाटणं बंद करतं आणि केसांच्या गुठळ्या होतात.

मांजराचा चेहराही वाचता येतो. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये त्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. कान, डोळे, नाकातोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण द्यायचे. कान एकमेकांपासून लांब जाऊन बाहेर वळलेले, डोळे बारीक केलेले, मिशा ताठ होऊन पुढे आलेल्या, डोकं खांद्याखाली झुकलेलं असेल तर गुण वाढतात. १० पैकी ४ किंवा जास्त गुण झाले, तर वेदनाशामकाची गरज आहे असं समजायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा.

श्वास मोजणं घरातल्या शाळकरी मुलालाही जमतं. प्राणी गाढ झोपलेला असताना छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. मिनिटाला ३० च्या आत असेल तर ठीक. हृदयाचा आजार असलेल्या प्राण्यात आकडा सतत त्याच्या वर राहू लागला, तर फुप्फुसात पाणी साचत असण्याचा तो इशारा असतो. मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल तर सकाळची वाट बघू नका.

इथे एक ताकीद. घरातल्या माणसांच्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. प्राण्यांसाठी सुरक्षित वेदनाशामकं, उलटी थांबवणारी आणि भूक वाढवणारी औषधं पशुवैद्यांकडे असतात. मूत्रपिंडाच्या आजारात त्वचेखाली सलाईन कसं द्यायचं हे डॉक्टर घरच्यांना शिकवतात. दुखण्यावर नीट उपचार करून पाहिल्याशिवाय निरोपाचा विचार करू नये. योग्य औषध सुरू झालं की सांधे धरलेला लॅब्रॅडॉरही पुन्हा फाटकापर्यंत जाऊन येऊ लागतो.

कागदावर काय लिहायचं?

अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञ पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये मांडलेली एक मोजपट्टी जगभर वापरली जाते. तिच्यात सात गोष्टी पाहतात:

१. दुखणं आटोक्यात आहे का, श्वास सहज चालतो का
२. भूक
३. अंगात पाणी पुरेसं आहे का
४. स्वच्छता: अंग कोरडं, जखमा साफ राहतात का
५. आनंद: घरातल्यांकडे, खाऊकडे, खेळण्याकडे लक्ष जातं का
६. हालचाल, स्वतःहून किंवा आधाराने
७. वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का

प्रत्येकाला ० ते १० गुण. बेरीज ३५ च्या वर असेल तर सेवा चालू ठेवण्यासारखी परिस्थिती आहे असं मानतात. घरातल्या दोघांनी एकमेकांना न दाखवता गुण द्यावेत. दोन बेरजांत मोठा फरक पडला तर त्यावर बोला; बहुधा रात्री उठून चादर बदलणाऱ्याचे गुण कमी असतात आणि संध्याकाळी कामावरून येऊन डोक्यावर हात फिरवणाऱ्याचे जास्त. रात्रीची सेवा करणाऱ्याचं म्हणणं आधी ऐका. आणि बेरीज चांगली असली तरी पहिल्या ओळीला फार कमी गुण असतील, तर बाकीच्या सहा ओळी तिची भरपाई करू शकत नाहीत.

मोजपट्टी सगळ्यांसाठी एकच असते, तुमचा प्राणी मात्र वेगळा असतो. म्हणून त्याच्या आवडीच्या चार-पाच गोष्टी लिहा: फाटकाचा आवाज आला की दारात जाणं, गॅलरीतल्या उन्हात लोळणं, आजोबांच्या ताटाशी बसणं, काकडीचा तुकडा. यातल्या किती उरल्या हे दर रविवारी पाहा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री एक खूण करा, चांगला दिवस किंवा वाईट दिवस. महिन्यातून एकदा त्याचा चालतानाचा व्हिडिओ काढा. आजचा आणि दोन महिन्यांपूर्वीचा शेजारी लावून पाहिले की सवयीच्या डोळ्यांना न दिसलेलं दिसतं.

मग अटी लिहा. मूत्रपिंड आणि सांधे दोन्ही थकलेल्या तेरा वर्षांच्या कुत्र्याचा कागद असा असू शकेल:

- उलटीचं आणि भुकेचं औषध चालू असूनही सलग दोन दिवस स्वतःहून काही खाल्लं नाही.
- पोटाखालून पंच्याचा आधार दिला तरी उभं राहता येत नाही, स्वतःच्या लघवीत पडून राहावं लागतं.
- आठवड्यातले चार दिवस वाईट गेले.
- औषध द्यायला जवळ गेलं की तोंड फिरवतो, लपतो.
- आवडीच्या पाचांपैकी एकच गोष्ट उरली.

‘यातल्या कोणत्याही दोन गोष्टी घडल्या की डॉक्टरांना फोन करायचा आणि वेळ ठरवायची’ असं खाली लिहा. अटी डॉक्टरांशी बोलून आजाराप्रमाणे बदला. हृदयाच्या रुग्णासाठी श्वासाचा आकडा त्यात हवाच.

कागदावर पैशांबद्दलही लिहा. किती खर्च झेपेल आणि कोणते उपचार करायचे नाहीत हे आधी ठरलेलं असलं की रात्री दोन वाजता काउंटरवर कर्ज काढायची वेळ येत नाही. घरातलं माणूस किती दिवस रात्रीची झोप मोडू शकेल हाही खरा प्रश्न आहे. तो विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. पण सेवा झेपत नाही म्हणून प्राण्याला बाजारात किंवा हायवेवर सोडून देणं हा उपाय नव्हे. प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत त्याला विनाकारण सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

डॉक्टरांना काय विचारायचं?

‘किती दिवस राहिले?’ या प्रश्नाचं नेमकं उत्तर डॉक्टरांकडेही बहुधा नसतं. त्याऐवजी हे विचारा:

- या आजाराचे शेवटचे दिवस कसे असतात? काय दिसेल?
- कोणतं लक्षण दिसलं की रात्र असली तरी निघायचं?
- हा उपचार आजारावर आहे की फक्त त्रास कमी करण्यासाठी? फरक किती दिवसांत दिसायला हवा?
- तुमचा स्वतःचा कुत्रा असता तर तुम्ही काय केलं असतं?
- वेळ आली तर घरी याल का? रविवारी, सणाच्या दिवशी कुणाला फोन करायचा?
- निरोपाच्या इंजेक्शनच्या आधी पूर्ण भूल देणार ना?

सणाचा प्रश्न उगाच नाही. गणपतीत आणि दिवाळीत पुष्कळ दवाखाने बंद असतात, डॉक्टर गावी गेलेले असतात, आणि थकलेल्या हृदयाचा प्राणी ढोल-फटाक्यांनी आधीच घाबराघुबरा झालेला असतो. सण तोंडावर असेल आणि कागदावरच्या अटी भरत आल्या असतील, तर सणाच्या आधी निर्णय घ्या.

भुलेचा प्रश्न तर विचारायलाच हवा. मरण देण्यासाठी पोटॅशियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम सल्फेट शुद्धीवर असलेल्या प्राण्याला देणं क्रूर आहे. ती फक्त पूर्ण बेशुद्धीनंतरच चालतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात काम मुख्यतः गुरांचं असतं, तेव्हा भुलेचं औषध आहे का हे आधीच विचारून ठेवा.

‘आपोआप जाऊ दे, पाप कशाला?’

घरातलं मोठं माणूस हे म्हणतंच, आणि ते उडवून लावायची गोष्ट नाही. दोन बाबी मात्र त्यांच्यापुढे ठेवाव्यात.

पहिली, आपोआप येणारं मरण नेहमी झोपेत येत नाही. मूत्रपिंडं थांबली की सतत मळमळ, तोंडात फोड आणि कधी झटके येतात. हृदय थकलं की फुप्फुसात पाणी भरतं आणि प्राणी श्वासासाठी धडपडतो. हे तासाभरात संपत नाही. दिवसचे दिवस चालू शकतं.

दुसरी बाब १९२८ ची. साबरमती आश्रमात एक वासरू असह्य यातनेत पडलं होतं. पशुवैद्यांनी आशा सोडली होती. त्याला कूस बदलणंही जमत नव्हतं. जो जीव आपण देऊ शकत नाही तो घ्यायचा अधिकार आपल्याला नाही, असा आक्षेप आश्रमातच घेतला गेला. गांधीजींनी त्यावर विचार केला आणि स्वतःच्या उपस्थितीत डॉक्टरांकडून वासराला इंजेक्शन द्यायला लावलं. देशभरातून संतापाची पत्रं आली, पण त्यांनी माघार घेतली नाही. स्वतःच्या स्वार्थासाठी मारणं आणि दुसरा कोणताही उपाय उरला नसताना त्या जिवाच्याच यातना थांबवणं, यात ते फरक करत होते. घरात वाद झाला तर याच कसोटीवर बोला: हा निर्णय त्याच्यासाठी आहे की आपल्या सोयीसाठी? बरा होऊ शकणारा किंवा नुसता म्हातारा, अडचणीचा झालेला प्राणी या कसोटीवर उतरत नाही, आणि अशा वेळी नकार देणारे डॉक्टर बरोबरच असतात.

एवढ्यावरही आजी राजी झाल्या नाहीत, तर त्यांना सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. नातवाच्या तोंडून न पटलेलं डॉक्टरांनी सांगितल्यावर पुष्कळदा पटतं.

त्या दिवशी

शक्य असेल तर सकाळची किंवा दुपारची, गर्दी नसलेली वेळ घ्या. बिल आधीच भरून टाका. नंतर काउंटरवर उभं राहणं फार जड जातं. त्याची रोजची चादर न्या. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर आवडता खाऊ थोडासा द्या.

आधी शांत करणारं इंजेक्शन देतात. पाच-दहा मिनिटांत तो गाढ झोपतो. मग पुढच्या पायाच्या शिरेत बारीक नळी (इंट्राकॅथ) लावून भुलेच्या औषधाचा मोठा डोस दिला जातो. शुद्ध पूर्ण जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. बहुधा हे काही मिनिटांत होतं. डॉक्टर स्टेथोस्कोपने तपासून सांगतात.

काही गोष्टी माहीत नसल्या की धक्का बसतो. डोळे उघडेच राहतात. लघवी-शी होऊ शकते. प्राण गेल्यावरही एखादा खोल श्वास घेतल्यासारखं किंवा स्नायू फडफडल्यासारखं दिसतं. त्याला तेव्हा काहीही जाणवत नसतं.

जवळ थांबायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण झोप लागेपर्यंत तरी ओळखीचं एक माणूस, ओळखीचा एक आवाज त्याच्याजवळ असू द्या. मुलांना जबरदस्तीने नेऊ नका आणि अंधारातही ठेवू नका. ‘झोपवलं’ किंवा ‘गावी पाठवलं’ असं सांगितलं की लहान मूल झोपायला घाबरतं, नाहीतर परत येण्याची वाट बघत बसतं. ‘तो खूप आजारी होता, बरा होणार नव्हता, दुखू नये म्हणून डॉक्टरांनी मदत केली आणि तो मेला’ असं साध्या शब्दांत सांगा.

नंतर

मोठ्या शहरांत प्राण्यांच्या दहनाची सोय होऊ लागली आहे. मुंबईत मालाडला महापालिकेची गॅसवर चालणारी दहनभट्टी आहे. आपल्या महापालिकेत किंवा दवाखान्यात आधीच चौकशी करून ठेवा. पुरायचं असेल तर जागा स्वतःची किंवा परवानगी घेतलेली असावी. खड्डा चार फूट तरी खोल, विहीर आणि बोअरपासून लांब. प्लॅस्टिक नको, सुती कापड पुरे. वर दगड ठेवा, म्हणजे भटकी कुत्री उकरणार नाहीत.

खोल पुरण्याला आणखी एक कारण आहे. भुलेचं औषध मृतदेहात राहतं आणि तो खाणारा प्राणी-पक्षी त्याने मरू शकतो. डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं जवळजवळ संपली, म्हणून जनावरांसाठी ते औषध भारतात २००६ मध्ये बंद करावं लागलं. तेव्हा मृतदेह माळावर किंवा ओढ्यात टाकू नका.

घरात दुसरा कुत्रा किंवा मांजर असेल तर त्याला मृतदेह हुंगू द्या. काही दिवस ते शोधत फिरेल, कमी खाईल. त्याची जेवणाची आणि फिरायची वेळ बदलू नका. पण दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर दाखवून आणा, मांजराला तर लवकरच. महापालिकेचा परवाना असेल तर कळवून रद्द करून घ्या. उरलेली न उघडलेली औषधं दवाखान्याला विचारून देता येतात.

अपराधीपणा बहुतेकांना येतो, आणि तो दोन्ही बाजूंनी येतो: घाई केली का, की उशीर केला? तेव्हा तो कागद पुन्हा काढून वाचा. तो तुम्ही रडत नसताना, घरातल्या सगळ्यांनी मिळून, डॉक्टरांना विचारून लिहिलेला असतो. आणि तरीही लवकर आणि उशिरा यांतलं एक निवडायचं असेल, तर थोडं लवकर निवडा. असाध्य आजारात एक आठवडा आधी गेलेला कुत्रा त्या आठवड्यातलं फार थोडं सुख गमावतो. एक आठवडा उशिरा गेलेला कुत्रा तो सगळा आठवडा भोगतो.